लग्नाला चार महिने आणि कंगव्यात तुटलेले केस

शिरपूर तालुक्यातल्या एका पंचविशीतल्या वाचक मुलीचं लांबलचक पत्र आलंय. ओळख पटणार नाही अशा बेतानं त्याचा सारांश देते.

तिचे केस लहानपणापासून बारीक, मऊ आणि कमरेपर्यंत लांब. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सुमारास चुलत बहिणीचं लग्न होतं. त्यासाठी तिनं पार्लरमध्ये केस ब्लीच करून राखी-तपकिरी रंग करून घेतला. रंग नारिंगी उतरला, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा ब्लीच झालं. नोकरी बँकेत, त्यामुळे सकाळी निघण्याआधी रोज स्ट्रेटनर. आता खालचा निम्मा भाग कोरडा पडलाय, फाटे फुटलेत, न्हाल्यावर गुंता सुटत नाही आणि कंगवा फिरवला की बोटाबोटाएवढे तुकडे हातात येतात. आईनं पाहिलं तेव्हा तिच्या तोंडून अहिराणीतच निघालं, "हाई काय करी बठनी व तू!" पार्लरवाली साडेचार हजारांचं केराटिन सुचवते, मावशी म्हणते एरंडेल आणि अंडं लाव, मैत्रीण बायोटिनच्या गोळ्या देते. साखरपुडा झालाय, लग्न मार्गशीर्षात आहे. साखरपुड्यात सासूबाई कौतुकानं म्हणाल्या होत्या, "लांब केसांची सून मिळाली." तिचा प्रश्न असा: "लग्नापर्यंत केस पहिल्यासारखे करायचेच आहेत. केराटिन करू की तेलावर राहू? फक्त कापायला सांगू नका, ताई."

प्रिय मैत्रिणी,

तू विचारलेले पर्याय दोन आहेत, पण दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: योग्य उपाय सापडला की केस बरे होतील. आधी तिच्याबद्दल बोलू, कारण केसांच्या बाजारातला बराचसा पैसा याच समजुतीवर फिरतो. त्वचेला जखम झाली तर ती भरते, कारण तिथे रक्त पोचतं आणि आतून नव्या पेशी येतात. टाळूच्या बाहेर आलेल्या केसात जिवंत असं काही नसतं. तो केराटिन या प्रथिनाचा धागा आहे, मोडला की मोडला. क्रीम, सिरम, तेल त्याच्यावर थर देतात, त्याला गुळगुळीत करतात, थोडा आधारही देतात, पण पूर्ववत करत नाहीत. पहिल्यासारखा येईल तो मुळातून नव्यानं उगवणारा केस, आणि तो महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे मार्गशीर्षापर्यंत तुला चार-पाच सेंटिमीटर निरोगी केस मिळेल. बाकीचा जो आहे तो आणखी न मोडता मांडवापर्यंत न्यायचा आहे. हे वाचून तुला वाईट वाटेल, याची मला कल्पना आहे. तरी हे आजच कळलेलं बरं, कारण लग्नाच्या आधी 'दुरुस्ती' म्हणून घाईघाईत करून घेतलेला उपायच अशा केसांचं सर्वांत जास्त नुकसान करतो.

झालंय काय, ते बघ. केळीचं खोड कापलेलं तू नक्की पाहिलं असशील: सोपटावर सोपट चढलेलं आणि आत गाभा. केसाचं आवरणही असंच एकावर एक चढलेल्या पातळ खवल्यांचं असतं. केसाची ताकद आणि त्याचा काळा रंग मात्र आतल्या गाभ्यात असतो. त्या रंगापर्यंत पोचण्यासाठी ब्लीचमधला अमोनियासारखा अल्कली आधी खवले उघडतो, मग पेरॉक्साइड आणि परसल्फेट आत जाऊन रंग नष्ट करतात. पण ती रसायनं फक्त रंगालाच हात लावत नाहीत. केसाला ताकद देणारे गंधकाचे बंधही त्यात तुटतात. शिवाय केसाच्या पृष्ठभागावर जन्मजात असलेला स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ थर निघून जातो, आणि तो परत येत नाही. हा थर गेला की केस पाणी पटकन शोषतो, फुगतो, उशिरा वाळतो आणि शेजारच्या केसाला अडकतो. न्हाल्यावर सुटत नाही म्हणतेस तो गुंता हाच.

तुझे केस विरळ नाहीत, एकेक केस बारीक आहे. बारीक केसात मुळात माल कमी, त्यामुळे तेवढ्याच ताकदीचं रसायन त्याला जास्त लागतं. ब्लीचमध्ये मिसळतात त्या पेरॉक्साइडच्या द्रावणाला डेव्हलपर म्हणतात, त्याच्या बाटलीवर २०, ३०, ४० व्हॉल्यूम असं लिहिलेलं असतं. म्हणजे त्यात अनुक्रमे ६, ९ आणि १२ टक्के पेरॉक्साइड असतं. बारीक केसांवर ४० व्हॉल्यूम लावणं मला अजिबात पटत नाही. पुढे कधी कुणाला रंग करायचा झालाच, तर खुर्चीत बसण्याआधी हा आकडा विचारावा. त्यात दुसरं ब्लीच तीन आठवड्यांत आणि त्याच भागावर. मग रोजचा स्ट्रेटनर. बरीच यंत्रं २०० ते २३० अंशांपर्यंत तापतात, आणि एवढ्या उष्णतेला निरोगी केसाचं प्रथिनही टिकत नाही. केस थोडे ओले असताना प्लेट फिरवली की चर्र आवाज येतो ना, तेव्हा आतल्या पाण्याची वाफ होते. ती केसाच्या आत बुडबुडे करते, आणि केस नेमका तिथेच तुटतो.

उद्या न्हाल्यावर एक काम कर. डोक्याच्या तीन-चार वेगवेगळ्या भागांतला एकेक ओला केस दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ताण. निरोगी ओला केस साधारण तीस टक्के लांबतो आणि सोडल्यावर परत येतो. जिथे तो लांबतच जातो, परत येत नाही किंवा ताणल्याबरोबर तुटतो, तिथपर्यंतचा भाग गेलेला आहे. कानाजवळ, मानेजवळ, खाली पाठीवर असं वेगवेगळ्या उंचीवर करून बघ. तुझं खरं नुकसान कुठपर्यंत आहे हे तुला स्वतःला कळेल, पार्लरवालीच्या अंदाजावर राहावं लागणार नाही.

दुसरं, कंगव्यातले केस पांढऱ्या कागदावर ठेवून त्यांची टोकं बघ. एका टोकाला बारीकशी पांढरी गाठ असेल तर तो केस मुळापासून गळलाय. दिवसाला ५० ते १०० केस असे गळणं सर्वसाधारण आहे. दोन्ही टोकं नुसती असतील तर तो मधेच तुटलाय. तुझ्या वर्णनावरून हे दुसरं वाटतं. मुळापासूनचं गळणं खूप असेल, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घे. टायफॉइड-डेंग्यूसारख्या तापानंतर किंवा उपाशी राहून वजन कमी केल्यानंतर दोन-तीन महिन्यांनीही केस असे गळतात. टाळूवर चट्टा पडला असेल, आग होत असेल, ब्लीचनं भाजल्यासारखं असेल, तर घरगुती काही लावत बसू नकोस. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे दाखव. बायोटिनचं एवढंच सांगते: शरीरात त्याची कमतरता नसेल तर गोळ्यांनी विशेष काही होत नाही, आणि मोडलेल्या केसाला तर काहीच होत नाही. उलट जास्त मात्रेतल्या बायोटिनमुळे थायरॉइडसह काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. घेत असशील तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांग.

आता केराटिन. नाव ऐकून वाटतं की गेलेलं प्रथिन परत भरतात. प्रत्यक्षात केसाला द्रावण लावतात, वाळवतात आणि मग २०० ते २३० अंशांची प्लेट एकेका बटेवरून पुन्हा पुन्हा फिरवतात. ज्या उष्णतेनं तुझे केस मोडले, तीच एका बैठकीत पुन्हा. दोन-तीन महिने चमक दिसते, ती उतरल्यावर खालचा केस आधीपेक्षा अशक्त निघतो. दुसरी गोष्ट आरोग्याची. अशा काही द्रावणांतून फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ते कर्करोगकारक ठरवलेलं आहे. 'फॉर्मल्डिहाइडमुक्त' लिहिलेल्या बऱ्याच बाटल्यांत ग्लायोक्सिलिक ॲसिड असतं. केस सरळ करण्यासाठी ते असलेलं क्रीम लावल्यानंतर एका तरुणीच्या मूत्रपिंडांना पुन्हा पुन्हा इजा झाल्याचं फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलं आहे. लग्नाच्या तोंडावर हा धोका पत्करावा असं त्यात काही नाही. रीबाँडिंग आणि स्मूदनिंग तर दोनदा ब्लीच झालेल्या केसांना मुळीच नको. त्यात उरलेसुरले गंधकाचे बंधही रसायनानं तोडतात आणि बटा तिथेच हातात येऊ शकतात. 'हेअर बोटॉक्स'मध्ये बोटॉक्स नसतं. तो लेप असतो, आणि त्याच्यावरही बहुतेक वेळा गरम प्लेट फिरतेच. पार्लरवालीला दोष न देता सांग, "ताई, लग्नापर्यंत केमिकल आणि प्लेट दोन्ही बंद."

साडेचार हजार बाजूला काढलेच असतील तर त्यातले थोडे चांगल्या कापणीवर घाल, थोडे कंडिशनरवर. एखादं बॉन्ड बिल्डर, म्हणजे केसातले तुटलेले बंध सांधण्यासाठी विकतात ते उत्पादन, घेतलंस तरी हरकत नाही. ब्लीच केलेल्या केसांचं तुटणं त्यानं काही प्रमाणात कमी होतं. जाहिरातीतल्यासारखं काही होईल अशी आशा मात्र धरू नकोस.

कापायला सांगू नका, असं तू अधोरेखित करून लिहिलंयस. तरी सांगते, कारण न कापता तू लांबी वाचवत नाहीयेस. फुटलेला फाटा वर वर चढतो. आज टोकाला आहे तो हळूहळू आणखी वर दिसेल आणि केस तिथून तुटेल. सगळे केस वेगवेगळ्या उंचीवर तुटले की कमरेपर्यंत पोचतात ते मोजके राहतात आणि वेणी खालपर्यंत निमुळती होत जाते. फोटोत तेच दिसतं. ओल्या केसाची कसोटी जिथे खरी उतरते तिथपर्यंत काप. पाठीच्या मध्यापर्यंत आलं तरी चालेल. कापताना सरळ रेषेत कापायला सांग. लेयर नको, रेझर नको, केस 'हलके' करणारी दातेरी कात्री तर नकोच. बारीक केस सरळ कापले की दाट दिसतात. अगदीच धीर होत नसेल तर आत्ता दोन इंच आणि पुढे दर महिन्याला एक इंच असं कर, पण माझं मत विचारशील तर एकदाच आणि आत्ता. घरात श्रावण पाळत असाल तर पोळा होऊ दे, त्यापुढे मात्र ढकलू नकोस. कापल्यानंतरचे पहिले पंधरा-वीस दिवस आपलेच केस आपल्याला परके वाटतात. ते दिवस लग्नाच्या बरेच आधी जाऊ देत.

आणि सासूबाईंचं. "लांब केसांची सून मिळाली" हे त्यांनी साखरपुड्याच्या गडबडीत केलेलं कौतुक आहे. त्याची अट तू तुझ्या मनात केलीस. पूर्ण पत्रात त्यांनी केसांबद्दल पुन्हा काही विचारल्याचा उल्लेख नाही, पण तू मात्र तेव्हापासून त्यांच्यासमोर अंबाडा घालूनच जातेस. हे लपवणं तुला केसांपेक्षा जास्त थकवतंय असं मला वाटतं. बस्त्याला भेटाल तेव्हा तूच सांगून टाक: "आई, रंगानं केस खराब झाले, म्हणून कापले. वाढवतेय परत." त्याआधी होणाऱ्या नवऱ्यालाही सांग. बहुतेक बायकांनी आपल्या केसांचं काही ना काही भोगलेलं असतं, त्यामुळे कदाचित सासूबाईच तुला दोन गोष्टी सांगतील. आणि समजा नाराज झाल्याच, तर ती नाराजी बस्त्याच्या दिवशी कळलेली बरी, मांडवात नको.

आता एक गोष्ट, जिच्याकडे तुझं लक्ष गेलेलं दिसत नाही. तू लिहिलंयस की घरी बोअरचं पाणी आहे, साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजायला वेळ लागतो. म्हणजे पाणी जड आहे, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार आहेत. बादलीच्या कडेला जो पांढरा थर धरतो, तोच थर केसावरही बसतो, आणि ब्लीच झालेल्या केसावर निरोगी केसापेक्षा जास्त बसतो. आपल्याकडे तापीकाठापासून साक्रीपर्यंत कितीतरी घरं बोअरवर आहेत, आणि महागडा शाम्पू आणूनही केस राठ राहतात त्याचं एक कारण हेच. पंधरा दिवसांतून एकदा ईडीटीए (क्षार धरून काढणारं रसायन) असलेला, 'हार्ड वॉटर' किंवा 'किलेटिंग' लिहिलेला शाम्पू वापर आणि त्यानंतर भरपूर कंडिशनर लाव. एरवी न्हाणं झाल्यावर शेवटचे दोन-तीन तांबे मऊ पाण्याचे घे. सध्या पाऊस आहे, गच्चीवरचं पहिलं पाणी वाहून जाऊ दे आणि नंतरचं स्वच्छ भांड्यात भरून ठेव. पावसाच्या पाण्याइतकं मऊ पाणी तुला विकत मिळणार नाही. ते संपलं की घरच्या आरओचं घे. नळाला लावायचे छोटे 'शॉवर फिल्टर' क्लोरीन, गाळ कमी करतात, पण त्यातल्या बहुतेकांनी पाण्याचा जडपणा जात नाही. त्यावर पैसे घालू नकोस.

न्हाण्याचं म्हणशील तर आठवड्यातून दोनदा पुरे. आदल्या रात्री किंवा दोन तास आधी खोबरेल लाव, तळहाताला चोळून उरेल इतकंच आणि फक्त केसांच्या खालच्या भागाला. खोबरेलाचे रेणू केसाच्या आत शिरू शकतात, आणि न्हाण्याआधी ते लावलं तर केसातलं प्रथिन धुऊन जाण्याचं प्रमाण घटतं. भारतीय संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना करून हे दाखवलं होतं. म्हणजे तेलाचा तुझा विचार बरोबर आहे. मावशीचं एरंडेल मात्र नको. ते फार घट्ट असतं, बारीक लांब केस त्यात चिकटून गोळा होतात, आणि असा सुटता न सुटणारा गोळा झाल्याची नोंद आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी केलेली आहे. अंड्यातलं प्रथिन केसात शिरण्याइतकं लहान नसतं, त्यामुळे ते वाया जातं. शिकेकाई आवडत असेल तर काढा गाळून घे, पूड थेट चोळू नकोस. लिंबू पिळून उन्हात बसणं आणि खायचा सोडा हे दोन्ही बंद.

शाम्पू टाळूला, कंडिशनर खालच्या भागाला. कंडिशनर केसांत असतानाच रुंद दातांच्या कंगव्यानं खालून वर गुंता सोडव. पंचा पिळून डोक्याला गुंडाळायची सवय असेल तर सोड. जुनी मऊ सुती ओढणी घे, दाबून पाणी टिप, झटकू नकोस. सकाळची घाई असेल तर हेअर ड्रायर साधारण १५ सेंटिमीटर लांब धरून, सतत हलवत, कोमट हवेवर चालेल. स्ट्रेटनर कपाटात जाऊ दे. बँकेत सरळ, तकतकीत केस लागतात हे कुणी ठरवलं? सैल वेणी घालून काउंटरवर बसलीस तर कुणाचं काही अडणार नाही. स्कूटीवर तू स्टोल बांधतेस ते चांगलंच आहे. ऑक्टोबरच्या उन्हात तो लागेलच. फक्त मोकळ्या केसांवर कसकन आवळू नकोस, कानामागे आणि मानेवर केस तिथेच घासून तुटतात. आधी सैल वेणी घाल, ती स्टोलच्या आत घे.

नारिंगी टोकं डोळ्यांना खुपत असतील तर लग्नाच्या महिनाभर आधी अमोनिया नसलेला, सौम्य डेव्हलपरचा गडद तपकिरी रंग करून घेता येईल. लावणाऱ्या बाईला दोनदा ब्लीच झाल्याचं आधी सांग, नाहीतर रंग हिरवट उतरू शकतो. ४८ तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघ. पाकिटातली 'काळी मेहंदी' टाळ. बऱ्याच पाकिटांत पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याची काहींना जबर ॲलर्जी होते. शुद्ध मेहंदी त्या मानानं सौम्य, पण ब्लीच झालेल्या केसावर ती भडक केशरी चढते.

लग्नाच्या केशरचनेची एक रंगीत तालीम आधी करून घे. अंबाडा आणि गजरा हे तुझ्या केसांना सर्वांत सोयीचं. भरगच्च दिसायला हलकं गंगावन लाव, जड घेतलंस तर ते बारीक केस मुळापासून ओढतं. उलटा कंगवा मारून केस फुगवू देऊ नकोस. त्या दिवशी थोडी उष्णता लागलीच तर केस पूर्ण कोरडे हवेत, हीट प्रोटेक्टंट (उष्णतेपासून केस जपणारं क्रीम किंवा स्प्रे) लावलेलं हवं आणि यंत्र १५० अंशांच्या आत.

आणि हळदीच्या दिवशी सावध राहा. ब्लीच झालेला केस हळदीचा रंग चटकन धरतो. सकाळीच केसांना खोबरेल लावून वेणी घाल आणि वर जुना सुती रुमाल घट्ट गुंडाळ. करवल्यांना आधीच बजावून ठेव की डोक्यावर हळद ओतायची नाही. तरी लागलीच तर वाळू न देता कोमट पाण्यानं आणि कंडिशनरनं काढ. थोडा पिवळेपणा राहिला तर राहू दे, गजऱ्याखाली झाकला जाईल. तो काढायला कुणी ब्लीच सुचवलं तर मात्र सरळ नाही म्हण.